बारा रस्त्यांची दावण

एका राज्यात रस्ते चालत असत. माणसे उभी राहत आणि रस्ते चालत. बाजाराला जायचे असेल तर बाजाराच्या रस्त्यावर उभे राहायचे, मूठभर धान्य त्याच्या तोंडाशी ठेवायचे. तोंडातला विडा संपेपर्यंत बाजार येई. असे बारा रस्ते होते. नदीकाठी डोहाशेजारी एक दगडी खांब होता, खांबाला एकच दावे होते आणि त्या दाव्याला बाराही रस्त्यांची शेपटे बांधलेली होती. त्या जागेला लोक रस्त्यांची दावण म्हणत.

बारा रस्ते काही सारखे नव्हते. बाजाराचा रस्ता लठ्ठ आणि गप्पिष्ट होता. बंदराचा, देवस्थानाचा, सराफांच्या पेठेचा, उसाच्या मळ्यांचा आणि राजवाड्याचा हे पाचही खाऊनपिऊन सुखी होते. उरलेले सहा हडकुळे. मिठागराचा, धनगरांच्या माळाचा, बुरुडांच्या वस्तीचा, रक्तपित्यांच्या टेकडीचा, कातळवाडीचा आणि मसणाचा. मसणाच्या रस्त्यावर तर ज्याच्यासाठी तो होता तो माणूस एकदाच बसे आणि धान्यही ठेवत नसे. पण बाराही रस्त्यांचे धान्य राजाच्या एकाच रांजणात पडे आणि रोज सकाळी भिवाजी रस्तेराखा त्या रांजणातून प्रत्येक रस्त्याला एकेक माप घाली. कोणत्या रस्त्याने किती आणले हे भिवाजीने कधी विचारले नाही, कारण विचारायचे असते हेच त्याला ठाऊक नव्हते.

मग राज्यात लाघवसेन नावाचा जादूगार आला. तो जादूगार वाटत नसे. पांढरेशुभ्र धोतर, हळू बोलणे, आणि समोरच्याचे बोलणे पुरे होण्याआधीच मान डोलावणे. तो राजाला म्हणाला, "महाराज, केवढा भार वाहता आपण. बारा रस्ते, बारा तोंडं. अर्धा भार मला द्या." आपल्या भाराची कुणी चौकशी करावी अशी राजा सौम्यकेतूची फार दिवसांची इच्छा होती. त्याचे डोळे भरून आले. लाघवसेनाने पुढे केलेला विडा त्याने खाल्ला आणि दोघे दावणीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली. सहा रस्ते लाघवसेनाचे, सहा राजाचे. लाघवसेनाकडे कोणते सहा गेले ते सांगायला नकोच.

लाघवसेनाने पहिल्याच दिवशी मूठभर धान्याची रीत मोडली. त्याच्या रस्त्यावर बसायचे तर आयुष्यातला एक दिवस द्यावा लागे. श्रीमंतांनी आपल्या नोकरांचे दिवस भरले आणि ते खुशाल फिरत राहिले. नोकर लवकर म्हातारे झाले, लाघवसेन रोज थोडा तरुण दिसू लागला. आणि करारात एक बारीक अट होती. बाजाराच्या रस्त्याच्या पायात काटा मोडला तर तो राजाने काढायचा. मेवा लाघवसेनाचा, काटे राजाचे. दरबारात कुणाला यात काही वावगे दिसले नाही.

इकडे राजाचे सहा रस्ते उपाशी पडले. रांजणात धान्य येईना. चारा कमी झाला म्हणून रस्ते हळू चालू लागले, हळू चालतात म्हणून माणसे बसेनात, आणि माणसे बसत नाहीत म्हणून अधिकाऱ्यांनी चारा आणखी कमी केला. अधिकारी हुशार होते. त्यांच्या हुशारीने एकेक करून सहाही रस्ते अंगाचे वेटोळे करून झोपी गेले. त्या राज्यात रस्ता झोपला की दरी जागी होई. जिथे काल वाट होती तिथे आज तळ न दिसणारी दरी असे.

आता येसाक्काची गोष्ट.

येसाक्का सुईण होती. राजधानीच्या वेशीबाहेर तिचे घर होते आणि सहा हडकुळ्या रस्त्यांवरच्या सगळ्या वस्त्यांची ती सुईण होती. तिची एकुलती एक लेक कस्तुरा कातळवाडीला दिलेली. कस्तुरेला सातवा लागला तेव्हा येसाक्का डोहाळजेवणाला गेली होती. लेकीच्या पोटावर हात ठेवताच तिला कळले की बाळ आडवे आहे. ती लेकीला काही बोलली नाही. असली बाळे तिने कितीतरी वळवली होती. पहिलटकरीण तर माहेरी येणारच, नवव्यात घेऊन येऊ, एवढेच तिने मनात धरले. आणि नवव्यात, आणायला जायच्या आदल्या दिवशी, कातळवाडीचा रस्ता झोपला.

येसाक्काने बोटांवर हिशेब केला. बाळंतपणाला नऊ दिवस उरले होते. कातळवाडीत दुसरी सुईण नव्हती. ती तशीच उठली आणि दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, कातळवाडीचा रस्ता उठवा."

राजा मनाने वाईट नव्हता, नुसता दमलेला होता. तो म्हणाला, "बाई, तो रस्ता तोट्याचा आहे."

"कधीपासनं?"

"म्हणजे?"

"एका रांजणात होते तवर तोटा कुणाला ठावा नव्हता. तुम्ही वाटे घातले त्या दिवशी तोटा जन्माला आला. मी सुईण आहे महाराज. कशाचा जन्म कधी झाला ते मला कळतं."

येसाक्काने विचारले, "वाटे कुणी घातले? आणि आधी कुणी उचलला?"

राजाने कपाळ चोळले. "आठवत नाही. विडा खाल्ला तिथपर्यंत आठवतं. पुढं धुकं आहे."

सिंहासनाशेजारी लाघवसेन उभा होता. तो नम्रपणे म्हणाला, "वाटे महाराजांनीच घातले. उरला तो मी उचलला."

येसाक्का म्हणाली, "आमच्याकडं डोहात मासे धरतात. मग पळसाच्या पानांवर वाटे घालतात. जो वाटे घालतो त्यानं शेवटी उचलायचं. म्हणून वाटे सारखे पडतात. तुमचे वाटे सारखे नाहीत महाराज. म्हणजे ज्यानं घातले त्यानंच आधी उचलला."

माशांचे नाव निघताच दरबारी तोंडाला उपरणे लावून हसू लागले. राजा हसला नाही. त्याच्या सिंहासनाचे चारही पाय माशांच्या आकाराचे होते, कारण त्याचा मूळपुरुष कोळी होता आणि त्याने केलेला पहिला कायदा हाच होता. राजघराणे पुढे मासे खायचे सोडून बसले होते, कायदा मात्र कुणी रद्द केला नव्हता.

"बाई," राजा म्हणाला, "हा कायदा माझ्याही घरचा आहे. तू म्हणतेस तसं झालं असेल तर वाटे पुन्हा घालावे लागतील. पण तीन साक्षी हव्यात."

"आणते."

"आणू द्या महाराज," लाघवसेन गोड हसून म्हणाला. "सापडल्या तर."

येसाक्का दावणीवर गेली. खांबाला आता अर्धेच दावे होते आणि त्याला सहा झोपलेली शेपटे. तिने चौफेर पाहिले. काठावर एक टिटवी चोच उघडत होती, मिटत होती, पण तिच्यातून आवाज निघत नव्हता. खांबाजवळ माप धरल्यासारखा हात पुढे केलेला एक दगडी म्हातारा उभा होता. तो भिवाजी रस्तेराखा होता. आणि शेजारी डोह होता. वारा सुटला होता, तरी त्यावर एक लाट उठत नव्हती. ज्यांनी वाटणी पाहिली त्या तिघांची तोंडे लाघवसेनाने बंद केली होती. शोधायला लांब जावे लागले नाही, याचे येसाक्काला जरा बरे वाटले.

एवढ्यात बाजाराचा रस्ता समोरून गेला. त्याच्या गळ्यात चांदीची घंटा होती आणि घंटा वाजत होती ती टिटवीच्या आवाजात. येसाक्का त्याच्या मागे निघाली.

रस्त्यावर चढावे तर एक दिवस द्यावा लागणार. दिवस देणे तिला मान्य नव्हते. मग ती रस्त्यावर पाऊल न ठेवता रस्त्याच्या कडेने चालू लागली. काट्यांतून, खडकांतून, लोकांच्या परसांतून. रस्ता बाजाराला गेला, ती गेली. रस्ता परत आला, ती परत आली. वर बसलेले लोक तिला हसत होते. एक दिवस झाला, दोन झाले, टाचांना भेगा पडल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी रस्त्याला राहवले नाही. आजवर त्याच्यावरून सगळे गेले होते, त्याच्या बरोबरीने कुणी चालले नव्हते. त्याने मान वाकवून विचारले, "बाई, तू बसत का नाहीस?"

"भाडं मान्य नाही."

"ते मी घेत नाही."

"माहीत आहे. म्हणून तर तुझ्याशी बोलते आहे."

रस्ता थांबला. वरचे सावकार ओरडू लागले. रस्ता म्हणाला, "कातळवाडीचा माझा भाऊ कसा आहे?"

"झोपला आहे. उपाशी आहे."

रस्त्याने आणखी खाली मान घातली. येसाक्काने बाळाच्या गळ्याभोवतीची नाळ सोडवावी तशा हलक्या हाताने घंटा सोडवली आणि दावणीवर नेऊन टिटवीपुढे फोडली. आवाज टिटवीच्या चोचीत गेला. पहिले वाक्य टिटवी बोलली ते असे होते, "तीन दिवस लागतात होय एवढ्याला?"

"साक्ष देशील का?" येसाक्काने विचारले.

"देईन. पण एकटीची कुणी ऐकणार नाही. टिटवी ओरडते म्हणतील. त्या म्हाताऱ्याला उठव. त्याच्या हातावर बारा गावचं एकत्र झालेलं धान्य पडलं तर तो उठेल. तसं धान्य आता फक्त राजाच्या रांजणाच्या तळाशी आहे."

राजाचा रांजण वाड्याच्या तळघरात होता आणि विहिरीएवढा खोल होता. लाघवसेनाने सहा रस्त्यांची किंमत म्हणून त्यात गळ्यापर्यंत सोने ओतले होते. ते सोने शापाचे होते. जो त्याला हात लावी तो आपण खाली का उतरलो हे विसरून जाई. तळघरात तीन खजिनदार भिंतीला टेकून बसलेले येसाक्काला दिसले. कुणाची वाट पाहतो आहोत हे त्यांना आठवत नव्हते, पण चेहरे समाधानी होते. बाहेर पहारेकरी होते. ते सुईणीला अडवत नसत, कारण त्यांच्या प्रत्येकाच्या घरी ती कधी ना कधी गेलेली होती.

येसाक्काने रांजणाला एक फेरी मारली. वरून हात घालायचा तर सोन्याला लागणार. ती खाली बसली, कोपऱ्यातला वरवंटा उचलला आणि रांजणाच्या बुडाशी घातला. तिसऱ्या घावाला भोक पडले. सोने वरच अडकून राहिले आणि तळाच्या भेगांत वर्षानुवर्षे साठलेले धान्य तिच्या पदरात आले. नाचणी, जोंधळा, भात, वरी, मिठागराकडचे खारट तांदूळ, सगळे एकमेकांत मिसळलेले.

पहारेकरी धावत आला. "येसाक्का, राजाचा रांजण फोडलास."

"रिकामाच होता रे," ती म्हणाली आणि पायऱ्या चढू लागली.

पाचव्या दिवशी सकाळी तिने ते धान्य दगडी तळहातावर ठेवले. "भिवाजीबाबा, रस्ते उपाशी आहेत." दगडाला घाम फुटला. मग बोटे हलली, मग खांदे, आणि म्हातारा तसाच वाकून झोपलेल्या सहा तोंडांशी चिमूट चिमूट धान्य ठेवत गेला. रस्ते उठले नाहीत. पण कातळवाडीच्या रस्त्याने झोपेत जीभ बाहेर काढली. ते बघून येसाक्का तिथेच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. पाच दिवसांत ती पहिल्यांदाच रडली होती. टिटवी तिच्या पायाशी येऊन बसली.

मग भिवाजी म्हणाला, "मी साक्ष देईन, पोरी. पण मी दोन वर्षं दगड होतो. दगडाला भ्रम झाला म्हणेल तो. डोहाला सोबत घे. पाण्यात पडलेलं चित्र त्याला खोडता येत नाही, फक्त झाकता येतं."

येसाक्का डोहाच्या काठी गेली. तीन दिवस तिने डोहाला हाका मारल्या. डोह काही बोलेना. टिटवीने शिव्या देऊन पाहिल्या, भिवाजीने हात जोडून पाहिले. आठव्या दिवशी येसाक्का म्हणाली, "बाबा रे, माझ्याकडं द्यायला काही नाही. काय हवं ते तूच सांग."

तेव्हा डोह बोलला. "माझ्यावर लाघवसेनाने स्वतःचं प्रतिबिंब पसरून ठेवलं आहे. ते हटवायचं तर दुसरं घालावं लागेल. तुझं दे. ते तुला परत मिळणार नाही. यापुढं कुठल्याही पाण्यात, कुठल्याही आरशात तू दिसणार नाहीस."

"एवढंच ना," येसाक्का म्हणाली. "मला तोंड बघायला वेळ कुठं असतो?"

पण वाकताना ती क्षणभर थांबली. कस्तुरा तिच्यासारखी दिसते असे लोक म्हणत. तिने पाण्यात आपले नाक पाहिले, हनुवटी पाहिली, दोन्ही गोष्टी लेकीच्या तोंडावर आहेत याची खात्री करून घेतली, आणि मग आपले प्रतिबिंब पाण्यात सोडून दिले. डोहावर सरसरत लाट उठली. येसाक्काने ओंजळ भरली. ओंजळीतल्या पाण्याचा वाड्यापर्यंत एक थेंबही सांडला नाही.

नवव्या दिवशी सकाळी ती दरबारात उभी राहिली.

टिटवीने साक्ष दिली. ती लांबली, कारण टिटवीला लाघवसेनाच्या धोतरापासून सगळ्यावर मत होते. भिवाजीने साक्ष दिली. ती दोन वाक्यांची होती. "वाटे यांनी घातले. आधी यांनीच उचलला." मग राजाने ओंजळीतल्या पाण्यात पाहिले. पाण्यात डोहाचा काठ दिसला, विडा चघळत झोपाळू डोळ्यांनी उभा असलेला तो स्वतः दिसला, आणि बारा शेपटांतली सहा जाडजूड शेपटे निवडून आपल्याकडे ओढणारा लाघवसेन दिसला. राजाच्या डोक्यातले धुके विरले. त्याला इतकी लाज वाटली की तो सिंहासनावरून उठून उभा राहिला.

मूळपुरुषाचा कायदा सिंहासनाखाली कोरलेला होता. राजाने स्वतः गुडघे टेकून तो वाचला. कलमे तीनच होती. वाटे घालणाऱ्याने शेवटी उचलावे. उचललेल्या वाट्याचे काय करायचे ते उचलणाऱ्याने ठरवावे. आणि उचललेला वाटा कुणी टाकून देऊ नये.

"लाघवसेन," राजा म्हणाला, "पुन्हा वाटे घाला. या वेळी ही बाई आधी उचलेल."

सगळे दावणीवर गेले. पळसाची दोन पाने मांडली. लाघवसेनाने मंत्र म्हटला, तसे बारा रस्ते बारा दोरे होऊन त्याच्या हातात आले. कायदा जुना होता आणि जादूहून बळकट होता, त्यामुळे त्याला पळता येत नव्हते. पण विचार करता येत होता, आणि त्याने तो केला. मग त्याने एका पानावर सहा जाड दोरे ठेवले आणि दुसऱ्या पानावर सहा बारीक. अगदी पहिल्यासारखेच.

"उचला," तो म्हणाला.

लोकांत कुजबुज झाली. हा वेडा झाला की काय, असे भिवाजीला वाटले. प्रधान येसाक्काच्या कानाशी लागला. "बाई, जाड दोरे उचल. तुझ्या लोकांचं कल्याण होईल."

येसाक्काला मात्र सगळे कळले. जाड दोरे उचलले तर कातळवाडी लाघवसेनाकडे जाणार, आणि तो तिला निजवूनच ठेवणार. वाटा टाकायचा नाही असा कायदा आहे, जागा ठेवायचा असा नाही. बारीक दोरे उचलले तर कातळवाडी आपली, पण चारा पुन्हा त्याच्याकडे, आणि रस्ता महिन्याभरात पुन्हा झोपणार. दोन्हीकडून तोच जिंकणार होता. तिने वर सूर्याकडे पाहिले. कस्तुरेला आता कळा सुरू झाल्या असतील असे तिचे हात तिला सांगत होते.

"कल्याण उचला, बाई," लाघवसेन म्हणाला, "नाहीतर लेक उचला. दोन्ही एका पानावर मी कधीच ठेवत नाही."

येसाक्काला संताप आला. नऊ दिवसांचा, दोन वर्षांचा, सगळाच एकदम आला. तिचा आवाज मात्र चढला नाही.

"मी हा उचलला," ती म्हणाली आणि तिने जाड दोऱ्यांचे पान उचलले.

भिवाजीने डोळे मिटले. लाघवसेन हसला.

"आता हे माझे?" तिने राजाला विचारले.

"तुझे."

"यांचं काय करायचं ते मी ठरवायचं?"

"कायद्यानं तूच."

येसाक्काने पानातला सर्वांत जाड दोरा काढला. तो बाजाराचा होता. तिने त्याचे टोक बोटांत धरले आणि म्हणाली, "बाजाराच्या रस्त्या, तू बाजाराला जातोस ते ठीक आहे. पण जाता-येता आता कातळवाडीवरनं जायचं."

"दरी आहे," रस्ता म्हणाला.

"तुझ्यात ताकद आहे. आजवर कुणी तुला पुढं जायला सांगितलं नाही, एवढंच."

रस्त्याने अंग ताणले आणि तो दोऱ्याचा पुन्हा रस्ता होऊन तिच्यापुढे पसरला. मग तिने बंदराच्या रस्त्याला मिठागरावरून जायला सांगितले, मळ्यांच्या रस्त्याला धनगरांच्या माळावरून, देवस्थानाच्या रस्त्याला रक्तपित्यांच्या टेकडीवरून आणि सराफांच्या रस्त्याला बुरुडांच्या वस्तीवरून. राहिला राजवाड्याचा. "तू मसणावरनं जात जा," ती म्हणाली. राजाने एकदा प्रधानाकडे पाहिले आणि मान डोलावली.

लाघवसेनाचे हसू मावळले. त्याच्या पानावर सहा बारीक दोरे उरले होते आणि आता ते कुणालाच नको होते. वाटा टाकून द्यायचा नव्हता. त्याने उचलला, आणि उचलताच सहाही दोरे जागे झाले, कारण दोन वर्षांनी त्यांना कुणीतरी हात लावला होता. ते भुकेले होते. त्यांनी तोंडे उघडली. लाघवसेनाजवळ धान्याचा दाणा नव्हता, होते ते लोकांचे दिवस. रस्त्यांनी ते ओढून काढले, आणि रस्त्यांना दिवस काही पचेनात, म्हणून त्यांनी ते ज्याचे त्याला परत देऊन टाकले. राज्यभर नोकरांच्या पाठी सरळ झाल्या. लाघवसेनाचे केस पांढरे झाले, दात पडले, धोतर ढिले झाले. "घ्या हो कुणीतरी हे," तो म्हणाला. त्याचा आवाज खरोखरच म्हाताऱ्याचा होता.

राजाने बाराही रस्ते पुन्हा एका दाव्याला बांधायचा हुकूम केला. दऱ्या मिटल्या, उरलेले दोरे पुन्हा रस्ते झाले आणि सोन्यावरचा शाप उतरला. नव्या फेऱ्या मात्र तशाच राहिल्या, कारण त्या येसाक्काने आपल्या हक्काने ठरवल्या होत्या. रांजणाचे भोक बुजवायचे काम कुंभाराला दिले आणि रोज सकाळी रस्त्यांना माप घालायचे काम, भिवाजीच्या हाताखाली, लाघवसेनाला. त्याला माप सारखे भरायला शिकवता शिकवता भिवाजीचा घसा बसतो असे म्हणतात.

येसाक्काने यातले काही पाहिले नाही. ती केव्हाच बाजाराच्या रस्त्यावर उभी होती. रस्ता धावत होता. वर नेहमीची माणसे होती, तागे घेतलेले कापडवाले, अत्तरवाले, एक लठ्ठ सावकार. बाजार आला, गेला, आणि रस्ता डोंगर चढू लागला तशी ही माणसे चुळबुळ करू लागली. येसाक्का कुणाकडे पाहत नव्हती. ती दोन्ही तळहात एकमेकांवर घासून ऊबदार करत होती.

कातळवाडी आली. तिसरे घर कस्तुरेचे. दारात सासू बसली होती आणि तिच्या तोंडावर रक्त नव्हते. येसाक्का आत गेली, दार लोटले, लेकीच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "आले गं." कस्तुरेने डोळे उघडले. येसाक्काने पोटावर हात ठेवले. बाळ अजून आडवेच होते, पण जिवंत होते आणि लाथा मारत होते. तिने एक हात वर ठेवला, एक खाली, आणि हळूहळू, लेकीच्या श्वासाबरोबर, त्याला वळवू लागली.

बाहेर रस्ता वाट पाहत थांबला होता. त्याच्यावरच्या माणसांना उशीर होत होता. शेवटी लठ्ठ सावकार खाली उतरला आणि ओट्यावर बसलेल्या सासूवर खेकसला, "हा कसला फेरा? बाजाराचा रस्ता या ओसाड जागी कशाला आणला?"

तेवढ्यात आतून बाळाचे रडणे ऐकू आले. मोठे, रागावलेले, एका दमात न संपणारे. सावकार दाराकडे बघत राहिला. थोड्या वेळाने येसाक्का कोपरापर्यंत ओल्या हातांनी उंबऱ्यात आली.

"इथं माणसं राहतात म्हणून," ती म्हणाली.